पळस बघायला गेलो होतो

माझ्या धाकट्या बहिणीचं दुसरं लग्न जमत आलं होतं आणि ते मी मोडलं. आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तिच्या शेवटच्या दुखण्यात नाही, आणि जिचं लग्न होतं तिला तर नाहीच. ज्या माणसाशी जमत होतं त्यालाही खरं ठाऊक नाही. प्रत्येकाला मी वेगवेगळं सांगून ठेवलं, आणि आमच्याकडे मोडलेल्या सोयरिकीबद्दल पुन्हा कुणी कुणाला विचारत नाही, त्यामुळे सगळ्यांनी माझं खरं मानलं.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. आम्ही पिंपळवंडीचे. नारायणगावात माझं खता-औषधांचं दुकान होतं, घरी द्राक्षाची बाग आणि थोडी टोमॅटोची जमीन. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आईला अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, उजवी बाजू गेलेली, जीभ जड. आणि या सगळ्याच्या मधोमध माझी बहीण. लग्न होऊन दोन-एक वर्षांत तिचा नवरा तापानं गेला. मूल नव्हतं. सासरच्यांनी दिवस घातल्यावर तिला आमच्याकडे आणून सोडलं, ते पुन्हा कधी न्यायला आले नाहीत.

ती आली आणि आमचं घर सुरळीत चालायला लागलं. हे वाक्य लिहिताना आता लाज वाटते, पण तेव्हा मला ते असंच दिसत होतं. आईला उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं तिच्याकडे. गोठा तिच्याकडे. माझ्या दोन्ही पोरांच्या वेण्या-डबे तिच्याकडे. द्राक्षाचा तोडा आला की मजूर बायकांत उभी राहून पेट्या भरून घेणं तिच्याकडे. मी सकाळी दुकानात जायचो, बायको शाळेत. घरी काय झालं असेल याची काळजी मी कधी केली नाही.

काळजी बायकोनं केली. एकदा जेवताना ती म्हणाली, "अहो, ती काय आपल्या घरची गडी आहे का?"

"कोण म्हणतंय?"

"कुणी म्हणत नाही, म्हणून तर विचारते. पंचविशीची पण नाही ती. आपण गेल्यावर तिनं काय करायचं? आपल्या सुनेच्या हातचं खायचं?"

तिनं सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. तिच्या माहेरच्या ओळखीतली एक बाई होती, घोडेगावात दिलेली. त्या बाईचा धाकटा भाऊ निरगुडसरचा, मंचरमध्ये मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवायचा. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळतात, त्यांची तांब्याची तार नव्यानं भरून द्यायची, ते काम. त्याची बायको वारली होती आणि लहान मुलगी होती, ती या बहिणीकडे वाढत होती. माणूस चांगला, व्यसन नाही, असं बायकोचं म्हणणं.

मी म्हणालो, "आमच्यात पाट लावत न्हाईत."

ही आमच्याकडची तयार ओळ होती. 'आमच्यात' म्हणजे नेमकं कोणात, हे कुणी कधी विचारत नाही. शेतीवाडी असलेल्या घरांत विधवेचं लग्न होत नव्हतं असं नाही. व्हायचं, पण दाराआड, चार माणसांत, आणि मग त्या घराबद्दल पारावर हळू आवाजात बोललं जायचं. बायको म्हणाली, "तुमच्यात न्हाई तर आमच्यात लावू. तुम्ही फक्त गाडी चालवा."

प्रश्न असा होता की बघायचं कुठं. घरी माणसं बोलावली असती तर चहा उकळायच्या आत भावकी गोळा झाली असती. त्यावर बायकोनं तोड काढली. फाल्गुन चालू होता. तिचं माहेर डोंगराकडचं, तिला तिकडचा फाल्गुन माहीत होता. ती म्हणाली, "आपण पळस बघायला जाऊ. आहुप्यापर्यंत. ते दोघं घोडेगावात आपल्या गाडीत बसतील. दिवसभर बरोबर राहिलं की माणूस कळतो. पोह्यांच्या बशीवर काय कळतं?"

मी हसलो. "पळस बघायला जातं का कुणी? कुठंबी गेलं तरी पळसाला पानं तीनच."

"या दिवसांत पानं नसतातच," ती म्हणाली. "फुलं बघायचीत."

खरंच, आमच्याकडे फुलं बघायला कुणी घराबाहेर पडत नव्हतं. माणूस देवाला जाई, लग्नाला जाई, बाजाराला जाई. पळस म्हणजे पत्रावळीची पानं आणि वाळलं की सरपण. म्हणून शेजारी सांगितलं, भीमाशंकरला जाऊन येतो. आईजवळ शेजारची म्हातारी बसली. आईला मात्र बायकोनं खरं सांगितलं होतं. निघताना मी आईच्या पायाला हात लावला, तर तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि जड जिभेनं एकच शब्द काढला, "बघ." त्या शब्दात काय काय होतं ते मला कळलं होतं. कळलं नाही असं म्हणायची सोय नाही.

माझ्याकडे तेव्हा जुनी जीप होती. मागचं दार दोरीनं बांधायला लागायचं. बहिणीनं अबोली रंगाची साडी नेसली होती, बायकोची. कपाळावर बारीक काळी टिकली. पोरं मामाकडे पाठवली होती. नारायणगाव, मंचर मागं टाकून घोडेगावात पोचलो, तर ती भावा-बहिणीची जोडी स्टँडसमोर उसाच्या गुऱ्हाळाशी उभी. तो उंच, थोडा वाकलेला, पांढरा शर्ट नुकता घडी मोडलेला. बोटांच्या टोकांना मोटारीचं काळं वार्निश, साबणानं न निघणारं. मला नमस्कार करताना त्यानं हात जरा मागंच ठेवले.

त्याची बहीण मात्र बोलघेवडी. चढता चढताच म्हणाली, "पावणं, दार दोरीनं बांधलंय का दोरी दारानं?"

"दोन्ही एकमेकांच्या आधारानं हायेत," मी म्हणालो.

"मग बरंय. संसारात बी तसंच असतंय."

बायका मागं, तो माझ्याशेजारी पुढं. डिंभ्याचं धरण ओलांडलं आणि रस्ता पाण्याच्या कडेकडेनं डोंगरात शिरला. डांबर जाऊन खडी आली, खडी जाऊन तांबडी माती. आणि मग ते दिसायला लागलं. मी त्या भागात औषधाच्या उधारीसाठी कैकदा गेलो होतो, पण असं बघितलं नव्हतं. एकाही पळसाला पान नाही, आणि सगळ्या फांद्या शेंदरी. उतारावर एक, त्याच्या खाली तीन, मग ओढ्याच्या काठानं रांगच. अधूनमधून पांगारा, तो जास्त लाल. खाली निळं पाणी, वर वाळलेलं पिवळं गवत. मागून माझी बहीण हळूच म्हणाली, "वहिनी, हे दरवर्षी असं असतंय?"

"दरवर्षी."

"आन आपुन घरात."

एका वळणावर त्याच्या बहिणीनं गाडी थांबवायला लावली. रस्त्याकडेला धायटीची झुडपं होती, बारीक लाल फुलांनी लगडलेली. ती उतरली, फुलं तोडून त्यांची बुडं चोखायला लागली. "या की गं! आमी ल्हानपणी ह्येच खायचो. चॉकलेट कुणी बघितलं व्हतं?" बायको उतरली. मग माझी बहीण उतरली. तिघी बायका मुलींसारख्या झुडपाला लागल्या. तो खाली उतरून दोन पावलं लांब उभा राहिला. त्यानं एक फूल तोडलं, चोखलं आणि तोंड वाकडं केलं.

"काय झालं?" माझ्या बहिणीनं विचारलं. तिचं त्याच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"मुंगी व्हती," तो म्हणाला.

ती पदर तोंडाला लावून वळली. खांदे हलत होते, तेवढ्यावरून मला कळलं की ती हसते आहे.

आहुप्याला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. गावाबाहेर देवराई आहे. जुनी झाडं, मांडीएवढे वेल, आत शिरलं की थंडावा. राईतलं काही तोडायचं नाही, पडलेलं वाळकं काटूकही बाहेर न्यायचं नाही, हे सगळ्यांनाच माहीत. त्याच्या बहिणीनं रस्त्यानं गोळा केलेली पदरातली फुलं राईच्या कडेला एका दगडावर ओतली आणि म्हणाली, "आत जाताना देवाला वाटायला नको की त्याचीच घेतली." आत एक अंजनीचं झाड फुललं होतं. जांभळ्या-निळ्या फुलांचे गुच्छ पानांत नव्हते, थेट उघड्या फांदीवर चिकटलेले. माझी बहीण त्या झाडाखाली उभी राहिली. हात वर नेला, फांदीपर्यंत, आणि तसाच परत घेतला.

जेवायला आम्ही राईबाहेर एका आंब्याखाली बसलो. बहिणीनं पहाटे उठून मासवड्या केल्या होत्या. आमच्याकडे सुगरण ओळखायची ती याच पदार्थानं. सारणाची वडी रश्श्यात फुटली नाही पाहिजे. त्याच्या बहिणीनं एकेक वडी उलटून बघितली. "एकबी फुटली न्हाई! मास्तरीणबाई, तुमची नणंद सोडू नका कुनाला."

"सोडायलाच तर आणलीये," बायको म्हणाली आणि सगळे हसले. मीही हसलो.

जेवणानंतर बायको आणि ती बाई कड्याकडे कोकण बघायला गेल्या. मुद्दामच. मी आंब्याच्या बुंध्याला पाठ लावून डोळे मिटले, झोपल्याचं दाखवलं. ती दोघं बाजूला बसली होती, मधे डब्यांची पिशवी. मग माझी बहीण बोलली. आवाज इतका सरळ होता की मला वाटलं दुसरंच कुणी बोलतंय.

"माझी आई अंथरुणावर हाय. तिला टाकून मला न्हाई यायचं. हे आधीच सांगितलेलं बरं."

"मग टाकू नका," तो म्हणाला. "घेऊन या."

"कुठं?"

"घरी. दोन खोल्या हायेत. एक आईंना दिऊ."

"जावयाच्या दारात आई? लोक काय म्हणतील?"

"माझी पोर तुमच्या पदरात टाकायची म्हणतोय मी. मग तुमची आई माझ्या घरात का नको?" मग म्हणाला, "आन लोकांचं म्हणाल तर, त्यांच्या मोटारी जळाल्या की माझ्याकडंच येत्यात. बोलून जात्यात कुठं?"

यावर ती मोठ्यानं हसली, पदराआड न लपवता.

माझे डोळे मिटलेलेच होते. तिचं ते हसणं मी तिच्या लग्नानंतर ऐकलं नव्हतं. भावाला आनंद व्हायला पाहिजे होता. मला काय झालं ते सांगतो. मला भीती वाटली. आईचं कारण तर त्या माणसानं एका वाक्यात काढून टाकलं होतं. आई पण जाणार, बहीण पण जाणार. मग गोठा? पोरं? तोडा? हे सगळं माझ्या डोक्यात तेव्हाच, आंब्याखाली, झोपेचं सोंग घेतलेलं असताना आलं. पुढं मी अनेक वर्षं स्वतःला सांगत राहिलो की मी जे केलं ते आईसाठी केलं. ते खोटं आहे, कारण आईचं काय, याचं उत्तर मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

परतताना उतारावर करवंदीच्या जाळ्या फुलल्या होत्या. पांढरी बारीक फुलं, पण वास असा की गाडी चालू असताना आत येत होता. पुन्हा थांबलो. त्याच्या बहिणीनं काटे चुकवून एक डहाळी मोडली आणि माझ्या बहिणीपुढं धरली. "घे गं. माळ."

बहिणीनं हात पुढं केला नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. नवरा गेल्यापासून तिनं फूल माळलेलं नव्हतं, आणि ते माळायचं की नाही हे भावाच्या तोंडाकडे बघून ठरवायचं, हेही तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मी मागच्या चाकात हवा किती आहे ते बघायला वाकलो. होय म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. बायकोनं तिला पाठमोरी केली आणि आपल्या केसांतली पिन काढून ती डहाळी तिच्या अंबाड्यात खोवली.

घोडेगावात ते दोघं उतरले. उतरताना तो मला म्हणाला, "भाऊ, तुमचं काय ते सावकाश कळवा. आमच्याकडनं हो हाय." इतकं सरळ कुणी सांगत नाही आमच्याकडे. मुलाकडची माणसं आठवडाभर तरी ताटकळत ठेवतात.

मंचरला डिझेल भरायला पंपावर थांबलो. तिथं भावकीतले एक काका भेटले, बैलगाड्याच्या शर्यतींचे शौकीन, ट्रकच्या केबिनमधून उतरत होते. जीप बघून आले.

"काय राव, सगळं बिऱ्हाड घिऊन कुठं?"

"भीमाशंकरला गेलो होतो."

"असं व्हय." त्यांनी मागं वाकून बघितलं. बघतच राहिले. "भीमाशंकरला लोक फुलं देवाला वाहत्यात. तुमी वाटतं माघारी आनली." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, हसत, "न्हाई, लई बरं दिसतंय. माझ्याकडनं काय न्हाई हां. आपला काळ गेला."

ते गेले. पंपावरचा माणूस पाइप अडकवत होता. मी पुढच्या सीटवर बसलो, आरशात बघितलं नाही, आणि म्हणालो, "काढ ते."

"कशाला?" बायको म्हणाली.

"काढ म्हटलं ना."

पिन काढल्याचा आवाज आला. बहिणीनं ती पिन बायकोला परत दिली. घरी पोचेपर्यंत गाडीत करवंदीचा वास मात्र तसाच होता.

आई जागी होती. तिनं डोळ्यांनीच विचारलं. मी म्हणालो, "बघू." आईनं मान हलवली. तिला वाटलं, 'बघू' म्हणजे होकाराच्या वाटेवरचं बघू.

आता रिवाजाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मी जे केलं ते त्याच्या आडोशाला बसूनच केलं. सोयरिकीचा निरोप आमच्याकडे पुरुष पुरुषाला देतो. मुलीला कुणी विचारत नाही आणि मुलगी कुणाला सांगत नाही. नकारही कुणी नकार म्हणून देत नाही. 'यंदा कर्तव्य नाही' एवढंच म्हणायचं. समोरचा समजून घेतो, पाणी पितो आणि उठतो. त्यानंतर दोन्हीकडची माणसं त्या विषयावर तोंड उघडत नाहीत, कारण उघडलं तर अब्रू दोघांची जाते. एवढी पक्की व्यवस्था असल्यावर खोटं बोलणाऱ्याला फार काही करावं लागत नाही.

पाडव्याच्या सुमाराला तो माझ्या दुकानात आला. मी कळवलं नव्हतं म्हणून. गिऱ्हाईकं होती, ती जाईपर्यंत बाकावर बसून राहिला. मग मी ते वाक्य म्हणालो. "आमच्याकडं यंदा कर्तव्य न्हाई."

त्याचा चेहरा बदलला नाही. "बरं," म्हणाला. जाता जाता दुकानात येऊन रिकामं कसं जायचं, म्हणून भेंडीच्या बियाण्याचा पुडा मागितला. मी तो कागदात बांधून दिला.

घरी काय सांगायचं ते मी ठरवलं नव्हतं. चारआठ दिवसांनी बायकोनं विचारलं, "त्यांचं काय आलं?" मी म्हणालो, "काही निरोप नाही." पुन्हा विचारलं तेव्हा म्हणालो, "बारगळलं वाटतं त्यांच्याकडनं." बायको म्हणाली, "माणूस तसा वाटला नव्हता." मी म्हणालो, "माणसं तोंडावर गोड असतात." म्हणजे बहिणीचं मोडलं ते मोडलंच, वर त्या माणसाचं नाव मी माझ्या घरात खराब केलं. बायकोनं त्याच्या बहिणीकडे कधी विषय काढला नाही; पडती बाजू आपली, असं तिला वाटत होतं. आणि ती बाईही बायकोशी बोलेनाशी झाली, कारण तिला वाटत होतं पडती बाजू त्यांची. दोघींची वर्षानुवर्षांची ओळख माझ्यामुळे तुटली, आणि त्या अबोल्याकडे बोट दाखवून मी म्हणू शकलो, "बघ, आता बोलत पण नाहीत."

बहिणीनं काहीच विचारलं नाही. त्या उन्हाळ्यात तिनं आईच्या खोलीच्या भिंती स्वतः सारवल्या.

इथवर झालेलं कदाचित भ्याडपणात बसलं असतं. पण पुढच्या फाल्गुनात तो पुन्हा आला. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. उभ्यानंच बोलला.

"भाऊ, 'यंदा कर्तव्य न्हाई' म्हंजे काय ते मला कळतं. मी काय लहान न्हाई. तरी आलो. त्या दिवशी त्या जे बोलल्या ते मला न्हाई म्हटल्यासारखं वाटलं न्हवतं. म्हणून म्हटलं, एकदा त्यांना इचारावं. त्यांनी न्हाई म्हटलं तर पुन्हा तोंड दाखवणार न्हाई."

वर्षभर त्यानं दुसरीकडे जमवलं नव्हतं. मी एवढंच म्हणायला पाहिजे होतं की थांबा, विचारतो. घरी जाऊन विचारायला अर्धा तास लागला असता. मी टेबलावरचा फवाऱ्याचा नोझल हातात घेऊन त्यातली जाळी फुंकून साफ करत होतो, आणि त्याच्याकडे न बघता म्हणालो, "इचारलंय मी. तीच न्हाई म्हणाली."

"त्याच म्हणाल्या?"

"हो."

"मग काय बोलायचं," तो म्हणाला. "त्यांना काही वाटून दिऊ नका. आईंची तब्येत बरी हाय ना?"

मी बरी आहे म्हणालो. तो गेला. घरी मी सांगितलं, त्यांनी दुसरीकडं जमवलं, असं कानावर आलं. तेव्हा तेही खोटंच होतं. वर्षा-दीड वर्षानं ते खरं झालं. पारनेरकडची एक मुलगी त्यानं केली.

असं का केलं याची मी बरीच कारणं लावून बघितली. गोठा, पोरं, तोडा, पंपावरचे काका, 'आमच्यात'. प्रत्येक कारण थोडं थोडं खरं आहे, पण सगळी मिळूनही पुरत नाहीत. जे उरतं ते असं, की ती माझ्याकडं बघून ठरवत होती, आणि मला तिचं तसं बघणं सवयीचं झालं होतं. आंब्याखाली ती माझ्याकडे न बघता बोलली.

दिवस गेले. आई दोन हजारनंतर तीनेक वर्षांनी गेली, बहिणीच्या मांडीवर. शेवटी शेवटी तिला बोलता येत नव्हतं, पण बहीण खोलीतून बाहेर गेली की ती डाव्या हातानं मला बोलवायची आणि दाराकडे बोट करायची. मी "हो, हो, आहे मी, बघतो तिचं," म्हणायचो. पोरं शिकून पुण्याला गेली, आत्याच्या हातचे डबे खाऊन शिकली. दुकान वाढलं. घरात मोबाइल आले. लोकांना मी बहिणीला सांभाळणारा भाऊ वाटतो. एका लग्नात माइकवरून कुणीतरी तसं म्हणालंही होतं. मी हात जोडले होते.

नंतर एका वर्षी मंचरच्या मंगल कार्यालयात लग्न होतं. पंगतीनंतर मी गाडी काढायला गेलो, परत आलो तर मांडवाच्या खांबाशी माझी बहीण आणि तो उभे. केस पांढरे झालेले, वाकलेला जास्त. शेजारी कॉलेजातली वाटणारी मुलगी, त्याची. मी तिथंच थांबलो. आता एक वाक्य इकडून, एक तिकडून, आणि सगळं उघडं पडणार. पण तीन-चार मिनिटांत त्यांनी एकमेकांना नमस्कार केला आणि ती माझ्याकडे आली.

गाडीत बायको मागं डुलक्या घेत होती. बहीण पुढं. मी विचारलं, "काय म्हणत होते?"

"आई गेल्याचं ऐकलं, म्हणाले. वाईट वाटलं म्हणाले." थोडं अंतर गेल्यावर म्हणाली, "मला म्हणाले, 'तुमी सुखी हाय ना? मग झालं.' असं का म्हणाले काय की."

का म्हणाले ते मला माहीत होतं. तिनंच नाकारलं, असं धरून एवढी वर्षं चाललेल्या माणसाचा तो प्रश्न होता.

कळंबचा पूल गेला. मग तिनं विचारलं, समोर बघत, अगदी साध्या आवाजात.

"दादा, एक इचारू? रागावशील?"

"न्हाई."

"मी त्या दिवशी फूल माळलं, म्हणून तर नव्हतं ना मोडलं? त्यांना वाटलं आसल, ही कसली, पहिल्याच दिवशी फुलं माळती. तू काढ म्हणालास ते बरोबरच व्हतं. मलाच कळायला पायजे व्हतं."

म्हणजे एवढी वर्षं ती हे घेऊन जगली होती. एका डहाळीचा दोष. आपल्याला बघितलं आणि टाकलं, आणि चूक आपलीच. त्या प्रवासानंतर तिनं कधीही, पोरांच्या लग्नातही, फुलाला हात लावला नव्हता. मला वाटायचं ती रीत पाळते.

सांगायची वेळ ती होती. बायको झोपलेली, रस्ता मोकळा, तिनं स्वतः विचारलेलं. मी म्हणालो, "तसं काही नसतं. तू कशाला डोक्यात घेतीस." आणि समोरून ट्रक येत होता म्हणून लाइट खाली केले.

ती म्हणाली, "न्हाई, सहज आठवलं."

त्यालाही आता बरेच दिवस झाले. बहीण चाळिशीला पोचली आहे. आमच्याच घरात आहे, आताही आत कुणाशीतरी गॅसच्या नंबराबद्दल बोलते आहे. मी हे इथं लिहिलं, पण लिहिलं म्हणजे तिला सांगितलं असं होत नाही. बायकोलाही सांगायचं आहे. निरगुडसरला जाऊन त्या माणसापुढं उभं राहायचं आहे, त्याच्या बहिणीपुढंही. पण ते सगळं नंतर. आधी तिचं.

तिला समोर बसवून मला एवढं सांगायचं आहे: तुला त्यांनी नाकारलं नव्हतं. ते दोनदा आले होते. तुला न विचारता मी दोन्ही वेळा त्यांना परत पाठवलं. फुलाचा काही संबंध नव्हता. हे मी तिचं देणं लागतो आणि अजून दिलेलं नाही.